आत ओढलेला होकार

११ जानेवारी

गेले आणि आले. दोन्ही वेळा जिवंत!

अक्षर वेडंवाकडं येतंय. लायसन्स मिळाल्यापासून मी गाडी फक्त दुकानापर्यंत नेलेली, तीही माझा भाऊ सीवेर्ट तापाने पडला असेल तेव्हा. आज थेट किनाऱ्यावरच्या शहरापर्यंत. उणे एकतीस. इंजिन विजेची वायर लावून गरम करत ठेवलं होतं म्हणून सुरू तरी झालं. स्टिअरिंग लाकडासारखं ताठ. जंगलातल्या लांब सरळ रस्त्यावर ओंडक्यांचा ट्रक समोरून आला, आणि तो गेल्यावर त्याच्यामागचा बर्फाचा धुरळा माझ्या काचेवर — सगळं पांढरं. रस्ता नाही, झाडं नाहीत, काही नाही. सीवेर्ट अशा वेळी म्हणायचा, "काही करायचं नाही. ब्रेक नाही, वळवणं नाही. दम धर, दिसेल." मी म्हणायची, मला कशाला शिकवतोस, मी थोडीच चालवणार आहे. आज काही केलं नाही. दिसलं.

तिथल्या इस्पितळात तो खिडकीशी पडून आहे. उजवी बाजू गेली. तोंड एका बाजूला ओघळलंय, त्यामुळे सारखा काहीतरी न पटल्यासारखा दिसतो. तसा तो आधीही दिसायचा म्हणा. नाताळच्या आधी लाकडाच्या खोपटात पडला, तेव्हापासून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, त्याला कळतं की नाही तेही सांगता येत नाही.

मी त्याच्या कानाशी वाकले. म्हटलं, "सीवेर्ट, गाडी मी चालवत आणली. एकटीने. ऐकलंस?"

शुप्, म्हणाला.

ओठ जरासे पुढे काढून, हवा आत ओढून. आमच्या गावात जसं म्हणतात तस्सं. हो म्हणाला! ऐकलं त्याने!

१२ जानेवारी

खांदे इतके दुखतायत की केस विंचरता येत नाहीत. पण त्याने ऐकलं.

१५ जानेवारी

सकाळी लापशी दोघांची केली. रोज ठरवते एकाची करायची, आणि हात आपला दोन मुठी घालतो. उरलेली पक्ष्यांना टाकली.

आईवडील गेल्यावर या घरात आम्ही दोघंच. त्याने लग्न केलं नाही, मी केलं नाही. बोलायचो असंही नाही फारसं. मी म्हणायची, "उद्या बर्फ येणार." तो म्हणायचा, "कशाला येतोय." संपलं. दिवसाची एवढीच वटवट. आणि आता तेवढीसुद्धा नाही तर घर खायला उठतं. काल मी मोठ्याने म्हटलं, "उद्या बर्फ येणार." मग लाज वाटली.

रूनार ट्रॅक्टर घेऊन आला आणि न विचारता अंगणातला बर्फ काढून गेला. पुलापलीकडचा हा रूनार. सीवेर्ट त्याच्याशी बोलत नाही. किती तरी वर्षांपूर्वी त्याने आमच्या हद्दीतला एल्क मारला, म्हणजे सीवेर्टच्या मते आमच्या, रूनारच्या मते नाही. एका हरणापायी दोघांनी म्हातारपणापर्यंत एकमेकांना रामराम केला नाही. मी खिडकीतून हात केला. त्याने टोपी हलवली.

१९ जानेवारी

दुसरी खेप. ट्रक दोनच. तिसरा मी वळणावर बघितला आणि सरळ बाजूला थांबून राहिले, जा बाबा.

थर्मासमध्ये घरची उकळलेली कॉफी नेली आणि कॉफीत घालायचं चीज. त्याला गिळता येत नाही अजून, नुसती कॉफी बोटाने ओठाला लावली. विचारलं, "चीज टाकलंय. वास येतोय?" शुप्. एवढ्यात पर्निल्ला आत आली. ही त्याची नर्स, पार दक्षिणेच्या टोकाची, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी बोलते. तिने लगेच त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला.

"पुन्हा धाप लागली त्याला."

"धाप कसली? हो म्हणाला तो."

"कधी?"

"आत्ता. मी विचारलं वास येतोय का, तो हो म्हणाला."

"मला तर काही ऐकू नाही आलं."

मी करून दाखवलं. शुप्. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "हे हो आहे?"

"मग काय आहे?"

"म्हणजे तो हो म्हणतोय आणि आम्ही दर वेळी त्याचा ऑक्सिजन मोजतोय?" आणि खुर्चीत बसून हसायला लागली. मीही हसले. त्यांच्याकडे हो म्हणायला तोंड उघडून हवा बाहेर सोडतात म्हणे. सोडोत बापडे, त्यांच्याकडे हवा गरम आहे.

मग ती गंभीर झाली. "गुनवोर, पण मला खरंच फरक कळत नाही. या आजारात असा श्वास लागतोही. हो कुठला आणि श्वास कुठला, तुला कळतं?"

"साठ वर्षं ऐकतेय."

तेव्हा तिने सांगितलं. मार्चमध्ये बैठक आहे. पालिकेची बाई येणार, डॉक्टर असणार. सीवेर्टने घरी जायचं, मदतीला माणसं लावून, की तिथल्याच सेवाघरात कायमचं राहायचं, ते त्या दिवशी ठरेल. त्याला स्वतःला काय हवंय ते कळलं पाहिजे, नाहीतर सेवाघर. "त्याचा हो तुला ऐकू येतो, मला नाही," ती म्हणाली. "तू सांगशील ते ते धरतील."

येताना गाडीत गात होते. माझा आवाज मेंढीसारखा आहे, पण ऐकायला होतं कोण.

२६ जानेवारी

विचारलं! सरळच विचारलं. "सीवेर्ट, घरी येतोस?"

शुप्.

पुन्हा विचारलं, खात्री म्हणून. शुप्. तिसऱ्यांदा नाही विचारलं. तो चिडतो एकच गोष्ट तीनदा विचारली की.

२७ जानेवारी

माजघरात जागा करायची. त्याला जिना चढता येणार नाही. शिवणयंत्र वर, पलंग खाली. तिथून चूल दिसते, खिडकीतून तळंही दिसतं. मी पोळ्या लाटत असताना तो मला बघेल आणि पीठ जास्त लावतेस असं मनात म्हणेल. म्हणू दे.

३ फेब्रुवारी

रस्त्यात रेनडिअर. सगळा कळपच बर्फ वितळायला टाकलेलं मीठ चाटायला डांबरावर उतरलेला, आणि हलायला तयार नाहीत. हॉर्न दिला तर एक मादी गाडीच्या दिव्याला नाक लावून उभी. थांबले. त्या उभ्या, मी बसलेली. तेव्हा ध्यानात आलं की मी उजवीकडच्या झाडीत डोळे लावून बसलेय आणि रस्त्याकडे बघायला कुणी नाही. इतकी वर्षं गाडीत दोन कामं होती. त्याने रस्ता बघायचा, मी कडेची झाडी — एल्क येतो तो कडेने. मी "डावीकडे" म्हटलं की तो न बघता वेग कमी करायचा. माझ्यावर विश्वास ठेवायचा तो, हे एवढं एकच काम होतं जिथे मला तो काही शिकवायचा नाही. आता दोन्ही बाजू, रस्ता, आरसा, समोरून येणाऱ्याला दिवे खाली, सगळं मीच. मान अवघडते. आणि "डावीकडे" म्हणायची सवय जात नाही. दोनदा म्हटलं मोठ्याने, रिकाम्या सीटला.

सीवेर्टला सगळं सांगितलं. रेनडिअर, पलंग, चुलीच्या दाराला बसवलेली नवी पट्टी. त्याने मध्ये मध्ये हो हो केलं. पर्निल्ला दारातून बघत होती.

८ फेब्रुवारी

पलंग एकटीने हलेना. खांद्याने ढकलला, पायाने ढकलला, जिन्याच्या तोंडाशी अडकला आणि मीही त्याच्यामागे वरच अडकले. खिडकी उघडून पुलापलीकडे रूनारला हाक मारली. शरमेनं मेले. तो आला, पलंगाकडे बघितलं, दोन पाय सोडवले आणि एकट्याने खाली नेला. सत्तरीचा आहे.

कॉफी दिली. बसला. सीवेर्टच्या खुर्चीत नाही, दुसऱ्या.

"म्हणजे येतोय तो," म्हणाला.

शुप्, मी म्हटलं.

"ठरलं?"

"त्याने हो म्हटलंय."

रूनारने चीजचा तुकडा चमच्याने कपातून वर काढला, चावला, बराच वेळ चावला. "सीवेर्ट?"

"मग कोण."

"सीवेर्ट हो म्हणाला. पहिल्या वेळी."

"हो. पहिल्या वेळी."

"त्याने माझ्या बापाच्या अंत्यविधीला यायलासुद्धा पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. मग आलाच."

"आजारपणात माणूस बदलतो," मी म्हटलं.

शुप्, तो म्हणाला. पण त्यातला एक शुप् असतो ना, ज्याचा अर्थ 'तू म्हणतेस तर असेल', तसला. टोपी घेऊन गेला. मेला, कॉफी पिऊन वर असं बोलून जातो. एल्कबद्दल सीवेर्टचंच बरोबर असणार.

९ फेब्रुवारी

रूनारचं बोलणं डोक्यातून जात नाही.

वडिलांनी विजेवर चालणारा पाण्याचा पंप आणला, तर सीवेर्ट नाही. टीव्हीला नाही. मायक्रोवेव्हला नाही, आणि मग त्यातच रोज दूध गरम. मी बाजारातून नवा स्वेटर आणला की आधी नाही, मग तो फाटेपर्यंत अंगावरून उतरवायचा नाही. कधीतरी मी म्हणायची, "तू जन्माला येतानासुद्धा नाही म्हणाला असशील." तो म्हणायचा, "नाही." मग आम्ही दोघं हसायचो.

१६ फेब्रुवारी

आज मी एक गोष्ट केली. करायला नको होती.

त्याच्या शेजारी बसले, कॉफी ओठाला लावली, सगळं नेहमीसारखं. आणि म्हटलं, "सीवेर्ट, तुझी होडी रूनारला देऊन टाकू? फुकट?"

शुप्.

रूनारला, आणि हो? म्हटलं नीट ऐकू आलं नसेल. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "होडी. रूनारला. आणि बंदूकही."

शुप्.

मग मी गप्प बसले. काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. तो डोळे मिटून पडला होता. झोपला. आणि झोपेत, शुप्. थोड्या वेळाने पुन्हा, शुप्. कुणी काही विचारत नव्हतं. खोलीत मी एकटी, बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी काचेवरचा बर्फ खरवडत होतं, आणि माझा भाऊ झोपेत हो म्हणत होता. कुणाला?

पर्निल्लाला सगळं कळलं असावं. ती माझा कोट घेऊन आली, हात बाहीत घालायला मदत केली. "या खेपेला जरा हळू जा," म्हणाली. बस, एवढंच.

पेट्रोल पंपावर थांबले. तिथल्या बाकावर सॉसेज खाल्लं, उभ्या उभ्या खाणाऱ्या ट्रकवाल्यांमध्ये. एकजण म्हणाला, "थंडी आहे." मी शुप् म्हणायला गेले आणि म्हणता येईना. म्हटलं, "होय." परक्यासारखं, तोंड उघडून. त्याने मान वळवून बघितलं माझ्याकडे.

१७ फेब्रुवारी

काही नाही.

२१ फेब्रुवारी

गेले नाही. रेडिओवर सांगितलं वाऱ्याने बर्फ उडतोय, गरज नसेल तर निघू नका. गरज आहे का? विचारलं स्वतःला. गाडीची वायर काढून ठेवली.

२५ फेब्रुवारी

बटाट्याचे गोळे केले, आत डुकराचं मीठवलेलं मांस, वर लोणी, लाल बोरांचा मुरंबा. एकटीने. तीन खाल्ले आणि खुर्चीत बसून राहिले, ती मांडीवर दगड ठेवल्यासारखी जड झोप येते ना तशी. ऊन टेबलापर्यंत आलंय आता. कपाच्या कडेवर बसलं होतं. वर्षाच्या या दिवशी सीवेर्ट म्हणायचा, "आलं." मी म्हणायची, "शुप्." आज कुणी काही म्हटलं नाही, आणि ऊन गेलं.

मी एकटी आहे. असं लिहून बघितलं. लिहिल्यावर कमी होतं म्हणतात. नाही होत.

माजघरातला पलंग रिकामा. त्याच्यावर चादर घालून ठेवली आहे, तीही मीच रोज झटकते.

२ मार्च

पर्निल्लाचा फोन. बैठक नऊ तारखेला. "तू बरेच दिवस आली नाहीस."

"रस्ता वाईट होता."

"रस्ता चांगला आहे, गुनवोर."

मी विचारलं, "त्याने वाट बघितली का माझी?"

ती म्हणाली, "मला सांगता येत नाही. हो म्हणता आलं असतं, तुला बरं वाटलं असतं. पण खोटं कशाला बोलू."

तोंडात बटाटा धरलेली पोरगी, पण बरी आहे.

६ मार्च

जाऊन आले. त्याला काही विचारलं नाही. नखं कापली, दाढी केली, एका बाजूची दोनदा, कारण ती ओघळते. त्याच्या हाताला अजून लाकडाच्या खोपटाचा वास येतो का बघितलं. साबणाचा येतो.

८ मार्च

उद्या. चांगला स्वेटर इस्त्री करून ठेवला आहे.

मी ठरवलंय. विचारतील, त्याला घरी यायचंय? मी सांगणार, हो, त्याने हो म्हटलंय, कितीदा तरी. ते धरतील माझा शब्द. खोटं आहे हे मला माहीत आहे. तो श्वास घेतोय, हो म्हणत नाहीये, आणि पलीकडून कुणी ऐकतंय की नाही तेसुद्धा मला माहीत नाही. असं असूनही मी सांगणार. त्याच्या भल्यासाठी नाही, तिथे त्याला माझ्यापेक्षा चांगले हात आहेत. मला उचलता येणार नाही त्याला, माझे गुडघे मलाच उचलत नाहीत. मला तो घरात हवा आहे म्हणून. माझ्या खोलीत दुसरा कुणीतरी श्वास घेतोय एवढं मला पुरे. त्याला मी हो समजेन, मला कोण अडवणार.

सकाळी लवकर निघायचं. वायर लावली.

९ मार्च

पालिकेची बाई, डॉक्टर, पर्निल्ला, मी. तो खुर्चीत, कमरेला पट्टा. बाईने मला विचारलं, "त्याची इच्छा काय आहे असं तुला वाटतं?" मी तोंड उघडलं. समोर तो बसला होता, दाढी मी केलेली. खोटं आलंच नाही तोंडातून. म्हटलं, "त्यालाच विचारते." वाकले आणि म्हटलं, "सीवेर्ट, घरी येतोस ना माझ्याबरोबर?"

"नाही."

आवाजासकट. खरखरीत, जाडा, अर्ध्या तोंडातून आलेला, पण नाही. पर्निल्ला उठून उभी राहिली. डॉक्टरही. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि तो माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे!

"घरी नको तुला?" मी विचारलं.

शुप्.

या वेळचा श्वास नव्हता.

का नको ते त्याने सांगितलं नाही. तो कधीच सांगत नसे. मी त्याचा हात धरून बसले आणि रडले, ती सगळी माणसं बघत असताना, आणि मला काही वाटलं नाही. तो आहे. इतके दिवस होता. आणि त्याला माझ्याबरोबर यायचं नाहीये.

उद्या रूनारला सांगायचं, पलंग परत वर न्यायचाय.